माणूस बरा हाय

फोन कानाला लावला की बाईंचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "माणूस बरा हाय." नमस्कार नंतर, नाव नंतर, काम तर लईच नंतर. पलीकडून कुणी श्वास सोडल्याचा आवाज आला की मग बाई खुर्चीत मागं टेकायच्या आणि म्हणायच्या, "हां. आता ऐका. बँकेत तुमची सही जुळंना झाली."

तुम्ही म्हणाल, ही काय तऱ्हा. मीबी म्हणलो होतो. पण ऑफिस कसलं होतं ते आधी सांगतो.

लातुरात एका डाळ मिलच्या वर आमच्या तीन खोल्या. फौजेतून रिटायर झालेली आपल्या भागातली माणसं एक परदेशी कंपनी राखणीला नेते. जिथं लढाई चालू असते तिथं मदतीच्या धान्याची गोदामं असतात, दवाखाने असतात, साहेब लोकांचे मुक्काम असतात. त्यांच्या दारावर आपला माणूस उभा. बंदूक तिकडं, बाकीचा सगळा संसार इकडं, बाईंच्या टेबलावर. पगार घरी पोचवायचा, व्हिसा, विमानाचं तिकीट, सुट्टी, विमा. एकाची तिकडं दाढ दुखली तर लातुरात बसून बाईंनी त्याला तिथला डॉक्टर गाठून दिला. एकाच्या लेकीची हळद जवळ आली आणि त्याचा बदली माणूस येईना. बाई फोनवर इंग्रजीत साहेबावर ओरडत होत्या. मला त्यातला 'हळद' एवढाच शब्द कळला. गडी हळदीला पोचला.

खाली मिल चालू झाली की वर टेबलं थरथरायची. एकदा तिकडच्या साहेबानं घाबरून विचारलं म्हणे, तुमच्याकडं गोळीबार चालू हाय का? बाई म्हणाल्या, "न्हाई साहेब, तुरीची डाळ हाय."

मी कंधारकडचा. शाळा दुसरीपर्यंत. मिलमध्ये पोती वाहिली, पाठ गेली, मग वर आलो. पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, "मामा, चहा करता का?"

"मी चपराशी न्हाई."

"मग काय हाव?"

"हितला माणूस हाव."

बाई हसल्या नाहीत. उठल्या, स्वतः चहा केला आणि एक कप माझ्यापुढं ठेवला. "हितल्या माणसानं चहा प्यायला हरकत न्हाई ना?" तो चहा इतका वाईट होता की दुसऱ्या दिवसापासून मीच करायला लागलो. पण सांगितलं म्हणून नाही, हे ध्यानात ठेवा.

बाई माझ्या धाकट्या लेकीपेक्षा लहान. उदगीरकडच्या. भाकरी उभ्यानं खायच्या, एका हातात भाकरी, एका हातात फोन. आणि ते वाक्य. त्याचं कारण त्यांनीच मला सांगितलं. नवीन असताना एका गार्डच्या घरी त्यांनी फोटो मागायला फोन केला. म्हाताऱ्या आईनं कंपनीचं नाव ऐकलं आणि पुढचं ऐकायच्या आत उंबऱ्यावर पडली. हात मोडला. तेव्हापासून कुठंही फोन लावला तरी आधी माणूस बरा हाय, मग बाकीचं. सवय इतकी लागली की गॅसवाल्यालासुद्धा म्हणायच्या, "माणूस बरा हाय, सिलेंडर कवा धाडता?"

एका गोष्टीवरून आमचं वाजायचं. आपल्याकडं मरणाची खबर कुणी फोनवर सरळ देत नाही. 'तब्येत जरा बिघडलीय, निघून या,' एवढंच म्हणतात. ऐकणाऱ्याला गाडीत बसतानाच कळलेलं असतं. पण रस्ताभर त्याला कळलं नाही असं धरून बसता येतं. तेवढा रस्ता आपण त्याला द्यायचा. मी म्हणायचो, "बाई, ह्यात माया हाय."

"असल, मामा. पण माझी माणसं खरंच जखमी होतात. मी बिघडली म्हणले आणि घरच्यांनी गेला समजलं तर?"

"समजत न्हाईत. आवाजावरून कळतं."

"मला न्हाई तसा आवाज काढता येत," बाई म्हणायच्या आणि पुढचा नंबर लावायच्या. मी माझं सोडलं नाही, त्यांनी त्यांचं सोडलं नाही.

मग दिगांबरचं झालं.

दिगांबर शिरूर अनंतपाळकडच्या एका खेड्यातला. उंच, ऑफिसच्या दारातून वाकून यायचा. घरी म्हातारा बाप आणि बायको, सुमन. तो ज्या गोदामावर होता तिथं गोळे पडले. दोघंतिघं जखमी झाले, त्यात हा जास्त. पाय गुडघ्याखाली गेल्यात जमा आणि त्यात विष चढायला लागलेलं. तिकडचा डॉक्टर म्हणाला, पाय काढला तर विमानात घालून मोठ्या दवाखान्यात नेता येईल, नाहीतर संध्याकाळ बघायचा नाही. दिगांबर शुद्धीवर नव्हता. आणि कंपनीचा कायदा असा, की अशा वेळी घरच्याच्या तोंडून हो आलं पाहिजे.

बाईंनी फोन लावला. मी समोर होतो. बापानं उचलला. बाईंचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. माणूस बरा हाय म्हणता येईना. मग त्या म्हणाल्या, "बापू, दिगांबर जखमी हाईत. पण जित्ते हाईत."

पलीकडं बाईमाणसाची एक किंकाळी, आणि फोन बंद. पुन्हा लावला. बंद. पुन्हा. बंद.

"मामा, चला," बाई म्हणाल्या.

जीपमध्ये बाई सारख्या फोन लावत होत्या, एकदा खेड्यात, एकदा तिकडं. तिकडचा डॉक्टर घाई करत होता. खेड्यात कुणी उचलत नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात माणसं मावत नव्हती. चुली विझवलेल्या. सुमन भिंतीच्या कोपऱ्यात बसलेली, मनगटं ओरबाडलेली, पुढ्यात हिरव्या काचांचे तुकडे. शेजारची एक काकू तिचं कपाळ पदरानं पुसून बसलेली.

बाई चपला न काढताच आत गेल्या. "कुणी सांगितलं तुम्हाला गेले म्हणून? जित्ते हाईत! पाय काढावा लागतोय, तुम्ही फक्त हो म्हणा. येळ न्हाई."

बाप खांबाला टेकून बसला होता. तो ओरडला नाही. बाईंकडं बघून हळू बोलला.

"बाई, सगळेच असं म्हणतात. दर बारीला तुम्ही आधी म्हणताव माणूस बरा हाय. आज न्हाई म्हणलाव. मला कळलं."

"अवो, बरे न्हाईत म्हणून न्हाई म्हणले! पण हाईत!"

"मग मला एक सांगा. मेलेल्या लेकराचा पाय कशाला कापायलाव? लेक उंच हाय माझा. पेटीत बसंना का?"

"जसा धाडला तसा अख्खा द्या मला," बाप म्हणाला. "दुसरं काय मागंना मी."

बाईंनी फोन लावून दिला. तिकडं चित्र दिसण्यासारखं नेटवर्क नव्हतं, नुसता आवाज. दिगांबरच्या तुकडीतला कंधारचा एक गडी रडत बोलत होता, काका, जित्ता हाय, माझ्या म्होरं हाय. बापानं फोन परत दिला. "ह्याला शिकवलेलं असल."

मग मी पुढं झालो. गळ्याला हात लावला, लेकराची शपथ घेतली. बाप माझ्याकडं बघून म्हणाला, "पाव्हणं, तुम्ही तर हितले. रीत तुम्हाला ठावं हाय. तुम्ही दुसरं काय सांगणार?"

तो खोटं बोलत नव्हता.

बाई मधोमध उभ्या. फोनमध्ये डॉक्टर काहीतरी जोरात बोलत होता. बाईंनी आयुष्यात एवढं एकच कमावलं होतं, की आपण सांगतो ते खरं असतं. त्या अंगणात त्याला काही किंमत नव्हती. त्यांनी बापाचे पाय धरले. बापानं पाय आखडून घेतले.

तेवढ्यात सुमन कोपऱ्यातून म्हणाली, "बाई, त्यांचं आंग गरम हाय का?"

बाईंनी फोनवर विचारलं. कंधारचा गडी म्हणाला, "ताप हाय वहिनी. लई ताप हाय. हात लाववंना झालाय."

सुमन उठली. काचांवरून अनवाणी आली, बाईंच्या हातातला फोन घेतला आणि म्हणाली, "मेलेल्याला ताप येत न्हाई. कापा."

पुढचे थोडे दिवस मला आजही बरे आठवतात. पाय काढला. विमानानं दुसऱ्या देशात मोठ्या दवाखान्यात नेलं. एके दिवशी दिगांबर शुद्धीवर आला आणि बायकोशी बोलला. पहिलं काय विचारलं असेल? "सोयाबीन काढलं का?" सुमननं हे बाईंना फोन करून सांगितलं. बाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची धरावी लागली. सुमननं कासाराकडून नव्या बांगड्या भरल्या. बाप सीताफळांची पिशवी घेऊन जिना चढून आला, डाळीच्या भुकटीनं खोकत. पिशवी टेबलावर ठेवली.

"चुकलो बाई. आता तुम्ही सांगाल ते खरं."

"बापू, फळं मऊ हाईत, आजच खावी लागतील," बाई म्हणाल्या.

बाई आता ऑफिसात नाहीत, ते इथंच सांगून टाकतो. दिगांबरची पेटी हैदराबादच्या विमानतळावर उतरवून गाडीनं गावापर्यंत नेली, विम्याचं सगळं सुमनच्या नावानं करून दिलं, आणि मग एका दुपारी डबा उचलून गेल्या. कुठं गेल्या ते मी विचारलं नाही. उदगीरला असतील. त्यांच्या जागी आता कुणी फोन करत नाही, मोबाईलवर मजकूर जातो. घरच्या बाया तो दुसऱ्याकडून वाचून घेतात. मी अजून हितला माणूस म्हणून हाय. चहा करत नाही.

म्हणजे तुम्हाला कळलंच असेल. पाय काढून विष थांबलं नव्हतं. ताप परत चढला आणि एका सकाळी कंपनीचा निरोप आला. घरच्यांना फोनवर कळवा, एवढंच त्यात होतं. काय शब्द वापरायचे तेही लिहून दिले होते. बाईंनी ते वाचलं, संगणक बंद केला. "फोनवर न्हाई," म्हणाल्या.

जीपमध्ये त्या खिडकीकडं तोंड करून म्हणाल्या, "मामा, तुमची ती रीत. कसं सुरू करतात?"

मी म्हणालो, "तब्येत बिघडली म्हणायचं. पुढचं त्यांचं त्यांना कळतं. तुम्हाला बोलावं लागत न्हाई."

बाईंनी मान हलवली.

बाप रानात गेला होता. सुमन अंगणात धान्य पाखडत होती. आम्हाला बघून उठली, हातानं तोंड पुसलं. "बाई! असं न सांगता?"

बाई म्हणाल्या, "सुमन, दिगांबर यांची तब्येत लई बिघडली हाय."

मी खाली बघितलं. आता किंकाळी येणार म्हणून थांबलो. ती आली नाही. वर बघितलं तर सुमन बाईंचं तोंड न्याहाळत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण नुसती काळजी.

"बिघडली व्हय? मागल्या बारीलाबी बिघडलीच होती की," ती म्हणाली. "हाईत ना पण? तुम्ही म्हणलाव म्हणजे हाईत." आणि कुडाच्या पलीकडं काकूला हाक दिली, "काकू, बाई आल्यात! जरा शिक हाईत म्हणं, पण हाईत!"

बाई माझ्याकडं वळल्या. तसं तोंड मी कुणाचं बघितलं नाही. मी पुढं व्हायला लागलो, मला वाटलं हे मी बोलावं. बाईंनी हात आडवा केला. "न्हाई मामा. माझं काम हाय."

त्यांनी सुमनची दोन्ही मनगटं धरली. "मी खोटं बोलले, सुमन."

सुमन हसायला लागली होती, ती थांबली. "कोणतं खोटं, बाई? आधीचं का आताचं?"

"आताचं. दिगांबर गेले."

सुमन रडली नाही. ती होती तिथंच खाली बसली. बाई तिच्याबरोबर खाली गेल्या, पण मनगटं सोडली नाहीत. बाया जमल्या. काकू पुढं आली, तिनं सुमनच्या नव्या बांगड्यांना हात घातला, मागच्यासारखाच. बाई म्हणाल्या, "मागं सरा." काकूनं रीत सांगितली. बाई म्हणाल्या, "मागं सरा म्हणलं ना." बाप रानातून आला, उभ्यानं सगळं बघितलं, आणि बाईंना काही न विचारता पाठ करून खांबाशी बसला. पाव्हणे यायला लागले. बाई तशाच.

दिवस कलला. सुमन त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून डोळे मिटून होती. बाया म्हणाल्या, बाई, आता सोडा, तिला पाणी पाजू द्या. बाईंनी ऐकलं. सोडायचंही होतं त्यांना, मला दिसत होतं. पण बोटं उघडेनात. शेवटी मी जवळ जाऊन बसलो आणि एकेक बोट उचलून बाजूला केलं.