दादरच्या घराचा ताबा

दिवाळीचा आकाशकंदील उतरवला त्याच दिवशी आम्ही लालबागची खोली खोक्यांत भरायला घेतली. महिनाअखेरीला दादरच्या फ्लॅटचा ताबा मिळणार होता. भांडी, पुस्तकं, माझ्या सासऱ्यांच्या लग्नातला पितळी हंडा, सगळं दोरीने बांधून भिंतीला लावलं. वापरापुरती ताटं आणि दोन पातेली तेवढी बाहेर ठेवली. महिना संपला, पुढचाही संपला, आणि आम्ही त्याच दोन पातेल्यांत स्वयंपाक करत राहिलो.

आमची खोली डिलाईल रोडच्या एका तरुण जोडप्याने घेतली होती. त्यांना आम्ही बाहेर पडायला हवे होतो. आम्हाला दादरच्या फ्लॅटच्या मालकीण काकू बाहेर पडायला हव्या होत्या. आणि काकू जाणार होत्या गिरगावात, त्यांच्या बहिणीच्या घराजवळच्या एका नव्या इमारतीत. त्या इमारतीला ओसी, म्हणजे राहायला जायची परवानगी, मिळाली नव्हती. त्या एका कागदासाठी तीन घरं अडून बसली होती.

काकू एकट्या राहायच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. आम्ही रविवारी चौकशीला गेलो की त्या चहा टाकायच्या आणि म्हणायच्या, "काय करू गं, बिल्डर रोज उद्या सांगतो." बोलता बोलता जिन्यावर पावलं वाजली की त्या थांबायच्या. मान दाराकडे वळायची. पावलं वरच्या मजल्यावर निघून गेली की अर्धवट राहिलेला शब्द उचलून पुढे बोलायला लागायच्या. आतली खोली नेहमी बंद असायची. पहिल्यांदा घर बघायला गेलो तेव्हा ती उघडून दाखवली होती, पण दारातूनच, आणि काकू स्वतः उंबऱ्यावर उभ्या होत्या.

इकडे लालबागला आम्हीच आमच्या घरात परके झालो होतो. डिलाईल रोडची मुलगी पोटुशी होती, सातवा महिना लागलेला. ती मापाची टेप घेऊन यायची. "ताई, इथे पाळण्याची कडी बसेल ना?" असं म्हणत ती माझ्या अंथरुणाच्या जागेवर उभी राहून छताकडे बघायची. आम्ही समोर बसलेलो असायचो, पण तिच्या नजरेला ती खोली रिकामी दिसत होती. वाईट नव्हती बिचारी. पण ती गेली की मला उगाच भिंतीला हात लावून बघावंसं वाटायचं.

सर्वांत जास्त त्रास बाबांना झाला. माझे सासरे मालवणकडचे, मिलमध्ये लागले तेव्हापासून याच खोलीत. भिंतीवरचे फोटो उतरल्यावर ते गप्प गप्प झाले. एका सकाळी मी चहा दिला तर कप हातात धरून म्हणाले, "गो, आपण कोणाच्या घरात रवतंव?"

"आपल्याच, बाबा."

"मगे सामान बांधलला कोणाचा?"

खाली मसाल्याच्या डंकावर मिरच्या कुटत होते, त्यामुळे डोळ्यांत पाणी आलं असं मी माझं समाधान करून घेतलं.

डिलाईल रोडच्या त्या मुलीचं बाळंतपण झालं. मुलगी झाली. पाळणा डिलाईल रोडच्या अडचणीच्या घरात, दीर-जावांच्या मध्ये टांगावा लागला. तिचा नवरा फोनवर स्पष्टच बोलला. "दादा, आम्ही आता दुसरीकडे बघतो. राग मानू नका." माझ्या नवऱ्याने हातापाया पडून त्यांच्याकडून आणखी थोडे दिवस मागून घेतले.

त्याच आठवड्यात एका केळवणासाठी मी गिरगावात गेले होते. परत येताना म्हटलं, ती इमारत बघून तर येऊ. बघितली आणि रस्त्यातच उभी राहिले. चौथ्या मजल्यावर चादरी वाळत होत्या. एका खिडकीत तुळस होती. गेटमधून एक बाई भाजीची पिशवी घेऊन आत गेली.

"इथे लोक राहायला आले?" मी वॉचमनला विचारलं.

"कब के, मॅडम. नवरात्रीपासून. एक-दोनच फ्लॅट बंद आहेत."

मी तशीच टॅक्सी करून दादरला गेले. दुपारची वेळ होती. काकूंनी दार उघडलं, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि बाजूला झाल्या. मी काही बोलायच्या आधीच म्हणाल्या, "गिरगावला जाऊन आलीस ना?"

मी खूप चिडून आले होते. टॅक्सीत वाक्यं जुळवली होती. पण त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. एक कॉट, टेबल, हँगरला दोन शर्ट. खोली रोज झाडलेली दिसत होती. चादरीला घडीच्या रेघा होत्या.

"माझा मुलगा," काकू म्हणाल्या. "वीसएक वर्षं झाली. नोकरी सुटली होती. घरातच असायचा. एक दिवस संध्याकाळी इस्त्रीचे कपडे आणायला खाली उतरला. 'आलोच' म्हणाला. मी कुकर लावला होता. तीन शिट्ट्या झाल्या, गॅस बंद केला, ताटं घेतली. इस्त्रीवाला म्हणाला, आलाच नाही इकडे."

पोलीस झाले, हॉस्पिटलं झाली, नाशिकपासून काशीपर्यंत मठ-आश्रम झाले. यजमान शोधत शोधतच गेले. काकू हे सगळं सरळ सांगत होत्या, रेशनच्या रांगेबद्दल सांगावं तसं. मग त्यांचा आवाज बारीक झाला.

"बहीण म्हणते, एकटी राहू नकोस, ये इकडे. पटतं मला. गुडघे चालत नाहीत. म्हणून तर तुमच्याशी व्यवहार केला. पण ओसी आली असा फोन आला आणि मी तो कुणाला सांगितलाच नाही. त्याला हे घर माहीत आहे गं. गिरगावचं नाही माहीत."

जिन्यात कुणीतरी चढत होतं. आम्ही दोघीही थांबलो. चपलांचा आवाज दाराशी आला, जरा रेंगाळला, पुढे गेला.

घरी येऊन मी सांगितलं तेव्हा नवरा उसळला. "म्हणजे इतके दिवस खोटं बोलत होत्या? आपण इथे खोक्यांवर बसून..." बाबा कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. झोपलेत असं वाटलं होतं. ते उठून बसले. कित्येक आठवड्यांत त्यांचा आवाज इतका स्वच्छ ऐकला नव्हता.

"माका थय घेवन चल."

दुसऱ्या दिवशी त्यांना धरून धरून दादरचा जिना चढवला. काकूंनी खुर्ची दिली. बाबा पाणी प्यायले, त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

शेवटी बाबा म्हणाले, "बाई, तुमी जावा. तो इलो तर आमी आसतलंव हय."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. "आणि तुम्ही नसलात तर?"

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "ही आसतली."

माझ्याकडे कुणी कबुली मागितली नाही. काकूंनी फक्त बघितलं. मी मान हलवली, आणि त्या क्षणी ते घर माझं झालं. रजिस्ट्रेशन, चाव्या हे सगळं नंतर झालं.

पंधरवड्यात काकू गिरगावला गेल्या. दोन्ही शर्ट त्यांनी बरोबर नेले. आम्ही दादरला आलो आणि लालबागच्या खोलीत पाळणा टांगला गेला. बाबा आतल्या खोलीत झोपायचे. त्यांना तिथे फार शांत झोप लागायची. दोन वर्षांनी तिथेच गेले, दुपारच्या झोपेत.

काकूंचा रविवारी फोन येतो. बहिणीचं पथ्य, पाण्याची वेळ, गिरगावातली गर्दी, सगळं बोलतात. मग "ठेवते हं" म्हणतात. तो आला का, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. मला मात्र सवय लागली आहे. टीव्हीचा आवाज मी लहान ठेवते. जिन्यावर अनोळखी पावलं आली की फोडणीतला हात थांबतो. इस्त्रीचे कपडे घ्यायला मी नवऱ्याला पाठवत नाही, स्वतः जाते. एकदा भर दुपारी बेल वाजली, दारात पन्नाशीचा, दाढी वाढलेला माणूस उभा होता. मी "या, आत या" म्हणून दार सताड उघडलं. तो पेस्ट कंट्रोलवाला होता. बिचारा गोंधळून गेला. मी त्याला पाणी दिलं, आणि तो गेल्यावर बराच वेळ आतल्या खोलीत बसून राहिले.

मागच्या महिन्यात सोसायटीची मीटिंग झाली. इमारत पाडून टॉवर बांधायचा ठराव होता. सगळ्यांचे हात वर गेले, माझ्या नवऱ्याचाही जाऊ लागला. मी त्याच्याकडे बघितलं आणि त्याने तो खाली घेतला.

"तुमचं काय म्हणणं आहे, वहिनी?" सेक्रेटरींनी विचारलं. "जागा वाढवून मिळतेय, भाडं मिळतंय."

"आमच्याकडे एक जण यायचाय," मी म्हणाले.

"पाहुणे? अहो, पाडायला अजून वर्ष आहे!" लोक हसले. ठराव पास झाला. व्हायचाच होता. निम्म्या घरांना बाथरूमची गळती आहे.

काकूंना सांगावं की नाही यावर आमचं दोघांचं पुष्कळ बोलणं झालं. शेवटी मीच गिरगावला गेले आणि समोर बसून सांगितलं. त्यांनी ऐकलं, उठून खिडकी लावली. गल्लीत ढोल-ताशाची प्रॅक्टिस चालू होती.

"मग तुम्ही कुठे जाणार तोवर?"

"भाड्याने. समोरच्या बिल्डिंगमध्ये बघतोय."

"तिथून आपलं गेट दिसतं?"

"पुढच्या बाजूचा फ्लॅट मिळाला तर दिसतं."

"पुढचाच बघ," काकू म्हणाल्या.

पुढच्या बाजूचा फ्लॅट महाग आहे आणि त्याचा आत्ताचा भाडेकरू अजून निघत नाहीये. आम्ही थांबलो आहोत.