आठव्या नटावरचा पिवळा ठिपका

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. इंजिनातून आवाज आला तर त्याला कारण असतंच, या एका गोष्टीवर माझं पोट चाललंय... त्यामुळे हे लिहिताना मलाच जरा अवघड वाटतंय.

गोष्ट १९९४ची, भातकापणीच्या दिवसांतली. आमचं घर कासूला. मोठा भाऊ रोह्याला कंपनीत, त्या दिवशी फर्स्ट शिफ्टला गेलेला. मी जुनी फियाट भाड्याने चालवायचो. काम शिकलो ते पेणला, दामूनानांच्या गॅरेजात. नाना मूळचे जोह्याचे. तिथे त्यांच्या भावाचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना, तिथून पितांबराच्या पिवळ्या रंगाची डबी आणायचे, आणि टॅपेट, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हची फट, सेट करताना प्रत्येक नट आवळला की त्यावर एक ठिपका द्यायचे. मी हसायचो — आठ तर नट, ते काय विसरणार? नाना म्हणायचे, "ठिपका नाय दिसला तर नट सैल हाय असं समजायचं." त्या कापणीआधीच्याच पावसाळ्यात नाना वारले.

त्या सकाळी इंजिन थंड होतं म्हणून अंगणातच टॅपेट करायला घेतले. सात झाले. आठव्याचा गॅप गेजने बघितला, नट आवळायला पाना उचलला, तेवढ्यात मागच्या शेतातून शेजारच्या काकू धावत आल्या. "वहिनीला जनावर डसलं रं!"

पाना पायरीवर टाकला, इंजिनाचं कव्हर बसवलं, वहिनीला मागच्या सीटवर घेतलं आणि पेणचा रस्ता धरला. आई गेल्यावर मला वाढवलं ते याच वहिनीने. साप चावलेला पाय घट्ट धरून ती एकच सांगत होती, "भावजी, पोरं लहान हायत."

खड्ड्यांतून जेवढी पळेल तेवढी गाडी पळवली. कुठे टकटक नाही, पिकअप कमी नाही. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर हातात काही नव्हतं.

संध्याकाळी भाऊ दवाखान्यात थांबला, मी घरी आलो... आणि पायरीवर तो पाना दिसला. आठवा नट मी आवळलाच नव्हता! तसा सैल राहिला की स्क्रू फिरत जातो, इंजिन खडखडायला लागतं, गाडी मध्येच दम सोडते. आणि त्या मापाचा दुसरा पाना माझ्याकडे नव्हता.

कव्हर उघडलं. सात नट कोरे. आठवा पक्का आवळलेला, गॅप बरोबर, आणि वर पिवळा ठिपका. बोट लावलं तर रंग बोटाला लागला — एवढ्या गरम तेलात, ओला.

याचा उलगडा मला आजपर्यंत झालेला नाही, आणि खरं सांगायचं तर मी आता शोधतही नाही. वहिनीला मी हे सगळं सांगितलं. तेव्हापासून पितृपक्षात आमच्याकडे एक ताट नानांचं असतं. ते ना नात्यातले, ना भावकीतले. पोरं आता मोठी झालीत. वहिनी त्यांना आधी त्या ताटाला नमस्कार करायला लावते.