पंतोजी गैरहाजर

माझी मनगटं आणि पायांचे घोटे गावातल्या चार पोरांना जेवढे पाठ होते, तेवढे पाढे त्यांना कधी पाठ झाले नाहीत. शाळा बुडवण्यात माझा हात धरील असा पोरगा सिरसाळ्याच्या अवतीभवती दुसरा नव्हता, आणि न आलेल्या पोराला शाळेत आणायची आमच्या पंतोजींची रीत एकच होती. सकाळी हजेरी घेताना एखाद्या नावाला "हाजिर" असा आवाज आला नाही की पंतोजी मागं बसलेल्या चार दांडग्या पोरांकडं नुसतं बघायचे. पोरं उठायची, गैरहजर असामी कुठं दडली ते हुडकायची, आणि दोघांनी हात, दोघांनी पाय धरून तिची टांगाटोळी करत भर गावातून घेऊन यायची. पाचवा एकजण पुढं पाटी बडवत चालायचा. माझी माय दारात उभी राहून बघायची. लेकराला सोडा असं ती एकदाही म्हणाली नाही. "डोस्कं आपटू नका बाबांनो" एवढंच म्हणायची आणि भाकरी थापायला आत जायची.

शाळा मारुतीच्या देवळाला लागून असलेल्या धर्मशाळेत भरायची. राज्य निजामाचं, त्यामुळं शिक्षाही दोन भाषांतल्या. अंगठे धरणं, उठाबशा, ओणवं राहणं हे मराठीतलं, आणि पायांखालून हात घालून कान धरायचे तो मुर्गा सरकारी भाषेतला. ओणव्या पोराच्या पाठीवर पंतोजी पाटी ठेवायचे. पाटी पडली की शिक्षा पुन्हा पहिल्यापासून. मी एवढ्यांदा ओणवा राहिलो की शेवटी शेवटी पाठीवर पाटी ठेवून खाली वाकल्या वाकल्या मुंगळ्यांच्या शर्यती लावायचो.

माझी नातवंडं हे ऐकून तोंड वाकडं करतात. मारणं वाईटच, मी कुठं चांगलं म्हणतो? पण त्यांनी मोर बघितलेला नाही. मार खाऊन पोरगं रडायला लागलं की पंतोजी त्याला शेजारी बसवून घ्यायचे आणि त्याच्या पाटीवर मोर काढून द्यायचे. रडणं थांबेपर्यंत पिसाऱ्याला डोळे काढत राहायचे. जास्त रडलं तर जास्त डोळे. आता खोटं कशाला बोलू, त्या मोरापायी मी दोनदा उगीचच भोकाड पसरलं होतं.

असे हे पंतोजी वीस वर्षांपासून गावात होते. मूळ गाव कुठलं ते कोणाला ठाऊक नव्हतं आणि तिकडं त्यांचं कोणी राहिलंही नव्हतं. बायको होती, मूलबाळ नव्हतं. मोडी असं लिहायचे की बीडच्या कचेरीतले कारकूनसुद्धा त्यांचा कागद हातात धरून बघत बसायचे. पण एक गोष्ट होती. उर्दू सक्तीची झालेली आणि पंतोजींना अलिफ म्हणता बे येत नव्हतं. उर्दूच्या तासाला ते खांबाला टेकून डोळे मिटायचे आणि मुलाण्याच्या पोराला पुढं उभं करायचे. घरी शिकलेला तो दहा वर्षांचा पोरगा आम्हाला शिकवायचा. सगळ्या गावाला हे माहीत होतं. कोणाचं काही अडत नव्हतं.

अडलं ते शिमगा झाल्यावर. तलाठ्याच्या हाती हुकूम आला की शाळा तपासायला बीडहून साहेब येणार, आणि ज्या मास्तराला उर्दू वाचता येत नाही किंवा जो शाळेत सापडणार नाही, त्याला घरी बसवणार. चावडीवर तो कागद वाचला तेव्हा पंतोजी तिथंच होते. माझे वडील घरी येऊन मायीला म्हणाले की म्हातारपणी हा माणूस कुठं जाईल, याला घरी बसवायला घर तरी कुठं आहे. ते मी ऐकलं, आणि त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मला वाटायचं मला पंतोजींचा लई राग येतो. तो तेव्हा कुठं गेलता कोण जाणे.

ठरल्या दिवशी आम्ही धुतलेले सदरे घालून धर्मशाळेत बसलो. पंतोजी नाहीत. ऊन पायरीवर आलं तरी नाहीत. मुलाण्याचं पोरगं त्यांच्या घरी जाऊन आलं. काकू म्हणाल्या, ते तर पहाटेच शाळेला म्हणून निघाले. तेवढ्यात घोडं आलं, मागं एक शिपाई, आणि काळी शेरवानी घातलेले साहेब उतरून पंतोजींच्या जागेवर बसले. हजेरीचं पुस्तक उघडून त्यांनी विचारलं, मुदर्रिस, म्हणजे मास्तर, कुठं आहेत? साहेबांनी खिशातून घड्याळ काढून पुस्तकाशेजारी ठेवलं आणि म्हणाले की पावणेदहा झालेत, दहापर्यंत वाट बघतो, मग लिहितो.

काय लिहितो ते सगळ्यांना कळलं. मी मागं वळून त्या चार दांडग्यांकडं बघितलं. पंतोजी बघायचे तसंच. ते माझ्याकडं बघत राहिले आणि मग एकेक करून उठले. शिपाई अडवायला आला तर मी त्याला सांगितलं की गैरहजर माणूस आणायला चाललो, शाळेचा कायदाच हाय.

कुठं बघायचं हे मला विचारायची गरज नव्हती. गावात दडायच्या जेवढ्या जागा होत्या त्या सगळ्यांतून मी एकदा तरी बाहेर ओढला गेलतो. ओढ्याच्या कडेला आमच्या कडब्याची गंजी होती. तिच्या मागच्या अंगानं मी पेंढ्या उपसून एक भोक केलतं, आत एक माणूस बसेल एवढं. आमच्या पंतोजींना ते माहीत होतं, कारण मागच्या महिन्यात मला तिथूनच काढलं होतं. जाऊन बघतो तर भोकातून एक जोडा बाहेर.

आत पंतोजी गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. पागोट्यात कडब्याची पानं. मला बघून ते दचकले, अगदी मी दचकायचो तसे. मला तर आधी लई आनंद झाला, हे कबूल करतो. कितीएक वर्षांचा हिशोब डोळ्यांपुढं आला. पण मग त्यांनी हात जोडले. आम्हाला, पोरांना.

"जा बाळांनो," ते म्हणाले, "सांगा पंतोजी तापानं आजारी आहेत. मला त्यांच्यापुढं उभं राहवणार नाही. मला काही येत नाही रे."

तो शब्द मी शंभरदा त्यांच्यापुढं बोललो होतो. मला काही येत नाही. तेवढ्यावर त्यांनी मला कधी सोडलं नव्हतं. मला त्यांची कीव आली आणि राग पण आला, हे असं दोन्ही एकदम कावून होतं ते अजून मला उमगलेलं नाही. मी पोरांना म्हणालो, "धरा रे."

दोघांनी हात धरले, दोघांनी पाय. पंतोजींनी आधी हिसडे दिले, मग विनवलं, मग अंग सैल सोडलं. किडकिडीत माणूस, भारा उचलल्यागत उचलला गेला. पाटी नव्हती म्हणून मी त्यांचे जोडेच एकमेकांवर बडवत पुढं पळत होतो. बायका दारात आल्या आणि पदर तोंडात धरून तशाच उभ्या राहिल्या. आमच्या दारावरून जाताना माझी माय सवयीनं म्हणाली, डोस्कं आपटू नका, आणि मग कोणाचं डोस्कं ते बघून मटकन खाली बसली.

दहाला थोडा अवकाश होता. आम्ही पंतोजींना साहेबांच्या पुढ्यात ठेवलं. धोतर सुटायला आलेलं, पागोटं गळ्यात, अंगभर कडबा. साहेब उभे राहिले. त्यांचा चेहरा असा काही लाल झाला की आता सगळ्यांना कैद होते असं मला वाटलं. ते माझ्याकडं वळून गरजले की हा काय प्रकार आहे. मला उर्दू यायची ती मुलाण्याच्या पोराकडून शिकलेली, तोडकीमोडकी. मी म्हणालो, "हुजूर, गैरहाजर थे. पकड के लाए."

"ऐसा लाना किसने सिखाया?"

मी पंतोजींकडं बोट केलं. "इनोच सिखाए."

साहेबांची दाढी हलायला लागली. मग खांदे. मग ते खालीच बसले आणि डोळे पुसपुसून हसले. शिपाई हसला, देवळातला पुजारी येऊन हसला, आम्हीही हसलो. एकटे पंतोजी मान खाली घालून अंगावरचा कडबा वेचत होते.

हसू थांबल्यावर साहेबांनी परीक्षा घेतली. पाढे विचारले, तिसांपर्यंत खडाखडा आले. शुद्धलेखन बघितलं. उर्दूचं पहिलं पुस्तक वाचायला दिलं, तेही आम्ही वाचलं. साहेब खूश झाले आणि त्यांनी तेच पुस्तक पंतोजींपुढं धरलं. पंतोजींनी ते घेतलं नाही. सरळ सांगितलं की हे मला येत नाही, हे त्या पोरानं शिकवलं आहे, आणि मुलाण्याच्या पोराला हाताला धरून पुढं केलं. साहेबांनी पुस्तक मिटलं. मग त्यांनी हजेरीत पंतोजींना हाजिर लिहिलं आणि सांगितलं की दसऱ्यानंतर परत येईन. तेव्हा पुस्तक वाचता आलं नाही तर मात्र जागा सोडावी लागेल.

दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या सुट्टीत पंतोजी पाटी घेऊन मुलाण्याच्या पोरापुढं मांडी घालून बसायला लागले. पोरगं बिचारं घाबरून चुकलेलंही बरोबर म्हणायचं. पंतोजी म्हणायचे, चुकलं तर चुकलं म्हण रे, नाहीतर मी बुडेन. त्यांचे हात उजवीकडून डावीकडं लिहायला तयारच नव्हते. वळण सुंदर यायचं, पण अक्षराचा नुक्ता, म्हणजे ठिपका, भलतीकडं पडायचा.

त्या सहा महिन्यांत त्यांनी कोणाला हात लावला नाही. छडी आढ्यात खोचून ठेवली. ज्याला स्वतःला येत नाही त्यानं कोणत्या तोंडानं मारायचं, असं ते माझ्या वडिलांना म्हणाले. आम्ही पहिले आठ दिवस नाचलो. मग करमेना. मी एकदा शाळा बुडवून गंजीत जाऊन बसलो, दुपार झाली, कोणी आणायलाच आलं नाही. शेवटी माझा मीच उठून शाळेत गेलो. तेव्हापासून पळणं सुटलं.

दसरा झाला आणि साहेब आले. पंतोजी पहाटेपासून धर्मशाळेत बसून होते. साहेबांनी पुस्तक मधूनच उघडून दिलं. पंतोजींनी दोन्ही हातांनी धरलं आणि वाचायला लागले. एकेक अक्षर जोडत, पण बरोबर. चार ओळी झाल्या. पाचव्या ओळीत एका शब्दाला अडले. पहिलं अक्षर तीनदा म्हणाले. कपाळाला घाम सुटला. मुलाण्याच्या पोरानं डोळे गच्च मिटून घेतले होते. साहेब वाट बघत होते आणि मला पंतोजींचं वीस वर्षांचं सगळं घर बैलगाडीत भरलेलं दिसायला लागलं.

"दरख्त," मी मागून म्हणालो. झाडाचा धडा तो, मला पाठ होता. हळू म्हणालो, पण धर्मशाळा केवढी ती.

पंतोजी एक क्षण थांबले. मग त्यांनी "दरख्त" म्हटलं आणि पान शेवटापर्यंत वाचून काढलं. साहेब त्या वेळी शाईच्या दौतीचं झाकण उघडण्यात लई गुंतले होते. त्यांनी कागदावर शेरा मारला, पंतोजींच्या हातात दिला, मुलाण्याच्या पोराची पाठ थोपटली आणि घोड्यावर बसले.

घोडं वेशीपार होईपर्यंत आम्ही श्वास धरून होतो. मग असा गलका झाला की कबुतरं उडाली. पंतोजी उभे होते. त्यांनी आढ्यातली छडी काढली, तिच्यावरची धूळ फुंकली आणि शांतपणे विचारलं, मघाशी मागून कोण बोललं?

गलका बंद. शाळेत सगळ्यांत मोठा गुन्हा कोणता असेल तर हा. मागून सांगणाऱ्याला एक छडी आणि ते ऐकून बोलणाऱ्याला एक, त्यात कोणाला माफी नव्हती. मी पुढं गेलो आणि हात केला. त्यांनी मारली. काही हात राखून नाही, चांगली सणसणीत, सहा महिन्यांची. डोळ्यांत पाणी आलं आणि सांगू का, मला एवढं बरं वाटलं की तसंच उभं राहावंसं वाटलं.

मग पंतोजींनी छडी माझ्या हातात दिली आणि आपला तळहात माझ्यापुढं केला.

सगळी शाळा उठून उभी राहिली. मी छडी हातावर नुसती टेकवली. पंतोजी म्हणाले, "ही मोजायची नाही. नीट मार."

मी डोळे मिटले आणि मारली. आवाज देवळापर्यंत गेला. पंतोजींनी हात झटकला, तळव्यावर फुंकर घातली आणि आम्ही घालायचो तसाच झटकन काखेत घातला. ते बघून पोरं आधी दबकत आणि मग पोट धरून हसायला लागली. पंतोजीही हसत होते, हसता हसता रडत होते, आणि तोच हात काखेत धरून मला म्हणाले, "बस इथं शेजारी. पाटी आण."