समेवरचं बोट

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो जनार्दन म्हात्रे यांचा. सानपाडा स्टेशनबाहेर त्यांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते गळ्यात भलामोठा कॅमेरा अडकवून सुकत घातलेल्या एका छत्रीसमोर उभे होते. दहा मिनिटं नुसते उभे. मग एकदाच बटण दाबलं आणि कॅमेरा पिशवीत टाकला.

"एकच?" मला राहवलं नाही.

"एकच. दुसरा काढला तं पयल्याला वाईट वाटतं. आता जेवाया मोकला."

रोज एक फोटो, आणि तो मिळेपर्यंत जेवण नाही, हा त्यांचा नेम. सगळे त्यांना दादा म्हणत. दादांचा व्यवसाय गाण्याच्या मैफलींचे फोटो काढण्याचा. तिथे शेकडो काढत, पण ते या नेमात धरत नसत. "त्यो पोटाचा, ह्यो माझा," म्हणत. वहिनी दारातच टोमणा मारायच्या, "आज देव पावला का नाय? भात तिसऱ्यांदा गरम करते हाय मी."

मी परांड्याहून आलेला, घराण्यातला पहिला पदवीधर, एका गोदामाच्या ऑफिसात कारकून. सुट्टीच्या दिवशी दादांकडे जाऊ लागलो. त्यांनी कॅमेऱ्याआधी तालाच्या टाळ्या शिकवल्या. त्यांचा कॅमेरा जुना, आवाज खणखणीत. म्हणून मैफलीत ते डाव्या हाताच्या बोटांवर मात्रा मोजत आणि फक्त समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, बटण दाबत. "समेला सगली मान हालवतान, वा वा करतान. तेवां तुझा खटका कोनाला ऐकू येनार?" मी ऑफिसात फायलींवर तीनताल वाजवू लागलो. साहेब म्हणाले, "लग्न ठरलं की काय?"

एका रविवारी सकाळी वाशीच्या हॉलमध्ये दादांनी मला दुसरा कॅमेरा दिला. ठेक्यावर गाणाऱ्या बाईंचा आलाप चालू होता. त्यांनी डोळे मिटून हात वर नेला, आणि मी समेची वाटच पाहिली नाही. त्यात कॅमेरा सलग फोटोंवर ठेवलेला. खटखटखटखट! गाणं थांबलं.

"कोण आहे ते?" बाईंनी विचारलं.

मी उठणार, तोच पलीकडच्या कोपऱ्यातून दादा हात जोडून उभे राहिले. "माजा हात, बाई. चुकी झाली."

हॉलच्या सेक्रेटरींनी त्यांना बाहेर थांबायला सांगितलं. जाता जाता त्यांनी मला डोळ्यांनीच बजावलं, बस. मी बसलो. उरलेली मैफल समेवर टिपली, एकदाही चुकलो नाही.

बाहेर आलो तर दादा दारातल्या चपलांच्या ढिगापुढे उकिडवे बसलेले. "बघ, कशी जोडीजोडीनं गानं ऐकतान," म्हणाले. दिवसाचा फोटो मिळाला होता. "चल, भूक लागली." त्या प्रकाराबद्दल पुन्हा अवाक्षर काढलं नाही.

पण त्या हॉलने त्यांना पुन्हा बोलावलं नाही. मला बोलावलं, आणि मी गेलो. माझा फोटोग्राफर म्हणून जम बसला. गावाकडे आई कौतुकाने सांगायची, आणि खरं बोललो तर हे सगळं जाईल म्हणून मी गप्प राहायचो. दादा उरणला आपल्या गावी राहायला गेले. फोनवरचे मेसेज ते उघडत नाहीत. पत्र आलं की वहिनी मोठ्याने वाचून दाखवतात. म्हणून गेल्या आठवड्यात पत्रच पाठवलं:

"ती. दादांना सा. न.

काल हॉलवर जाऊन सर्वांसमोर सांगितलं की तो हात माझा होता. सेक्रेटरी म्हणाले, 'मग पुढच्या मैफलीला तुम्हाला बाहेर थांबावं लागेल.' म्हटलं, थांबतो, पण आत म्हात्रे हवेत. ते कबूल झाले. तुम्हाला त्यांचा फोन येईल. नाही म्हणू नका.

रविवारी सकाळी आत तुम्ही, चपलांपाशी मी. माझा त्या दिवसाचा फोटो तिथेच मिळेल असं वाटतं. डबा सोबत आणतो, पण तुम्ही बाहेर येईपर्यंत उघडणार नाही.

आजचा फोटो अजून मिळालेला नाही. वहिनी, हसू नका. उपाशीच आहे.

तुमचा,
सुधाकर"