फक्त हात दिसतील असं

माधवनगरच्या घरातला माझा शिवणक्लास भांडणाने बंद पडला नाही. मुली मोबाईलवर बघून ब्लाऊज बेतायला शिकू लागल्या, एवढंच झालं. आधी दुपारची तुकडी गेली, मग सकाळची. मिस्टर आधीच गेलेले, मुलगा पुण्यात नोकरीला. क्लास होता तोवर घरात कुणी ना कुणी दोरा तोडत, बडबडत बसलेलं असे. तो बंद झाल्यावर एकदा संध्याकाळी दूधवाल्याशी बोलताना माझा आवाज बसल्यासारखा निघाला, तेव्हा लक्षात आलं की सकाळपासून आपण तोंडच उघडलेलं नाही.

मुली मोबाईलमध्ये गेल्या असतील तर आपणही तिथेच जावं, असं ठरवलं. विकत काही आणायचं नाही, हेही ठरवलं. स्टँडऐवजी लाकडी पाट. तो कपाटावरून अर्धा बाहेर काढला, मागे वजनाला जुनी लोखंडी इस्त्री ठेवली, पुढच्या टोकाला मोबाईल रबरबँडने बांधला, कॅमेरा खाली. लाइटऐवजी पूर्वेची खिडकी आणि समोर पांढरी चादर. मुलाने टाकून दिलेल्या इअरफोनचा माइक पदराला पिनेने अडकवला. चित्रात फक्त टेबल, कापड आणि माझे हात. खोली आवरायला नको, केस विंचरायला नको, मोबाईल धरायला दुसरं माणूस नको. दुसरं माणूस नव्हतंच, त्यामुळे हे सोयीचं होतं.

पहिले काही व्हिडिओ मुलाने आणि नणंदेने पाहिले. मग बाहीच्या कटिंगचा एक बऱ्यापैकी चालला. खाली अनोळखी बायकांच्या शंका येऊ लागल्या आणि मी क्लासमध्ये द्यायची तशी उत्तरं देऊ लागले. दिवस भरू लागला. त्यातच एकीने लिहिलं, "ताई, शिकवता छान. पण हात असे मोकळे का? बघायला बरं वाटत नाही." तिच्याखाली आणखी दोघींनी तेच म्हटलं.

मी चेहरा दाखवला नव्हता, कपाळ दाखवलं नव्हतं. मनगटांचा विचारच केला नव्हता.

या बायकाही उठून गेल्या तर मला पुढे कुठे जायला जागा नव्हती. वाईला नणंदेला फोन लावला. ती म्हणाली, "वहिनी, घाला की दोन-दोन. व्हिडिओत कोण विचारायला येतंय?" मला पटलं. कामाची वस्तू आणायला जावं तशी सांगलीच्या बाजारात गेले. रंग चॉकलेटी घ्यायचा, कारण पांढऱ्या अस्तरावर तो उठून दिसतो.

कासारणीने माझा हात ओढून आपल्या गुडघ्यावर घेतला आणि बांगडी चढवायला लागली. ती अडली.

"आवं ताई, ढिला सोडा की. मी काय हात घिऊन जात न्हाई."

मला तो सोडताच येईना. ती अंगठ्याच्या बुडाशी दाबत राहिली, बोटं एकेक करून मिटवत, उघडत. तिचा तळवा खरखरीत होता, गरम होता. माझा हात इतका वेळ कुणी धरल्याला किती वर्षं झाली, ते मी मोजलं नाही.

"लय आखडलाय," ती म्हणाली. "कवा भरल्या हुत्या?"

मिस्टर होते तेव्हा, असं मी सांगितलं. तिने मान हलवली आणि काम चालू ठेवलं. शेवटी रीतीप्रमाणे एक जास्तीची घातली. मला वाटलं होतं, सवाष्णींना घालायची ती एक मला मिळणार नाही.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग केलं आणि ऐकलं. कात्री चालली की किणकिण, टेप ओढली की किणकिण, मुंढ्याचं माप सांगताना आकडाच बुडालेला. माइक वर सरकवला, बांगड्यांवर रुमाल बांधून पाहिला. उपयोग झाला नाही. साबण लावून सगळ्या उतरवल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. आवाज स्वच्छ आला. घरात दुसरा कसलाच आवाज नाही, हेही त्यात ऐकू येत होतं.

व्हिडिओ टाकला आणि त्या बाईला उत्तर लिहिलं, "मिस्टर नाहीत. मुंढ्याचं माप कुठून घ्यायचं ते समजलं का?"

तिचं उत्तर आलं नाही. तिची री ओढणाऱ्या दोघीही परत दिसल्या नाहीत. भलत्याच एकीने अस्तराविषयी विचारलं, तिला नीट सांगितलं.

मग निदान घरात तरी बांगड्या घालाव्यात म्हणून बसले. त्या आपल्या हाताने चढेनात. साबण लावला तरी हाडाशी अडत. एक चिरली. उरलेल्या रुमालात बांधून मी सांगलीची बस धरली.

कासारणीने गाठोडं उघडून पाहिलं. "सारख्या काढणार आसाल तर मोठ्या मापाच्या घ्या की. आपल्या आपण चढत्यात."

मी म्हटलं, याच असू देत. आणि हात पुढे केला.