न आलेल्या तापाची चिठ्ठी

"एवढं एक वाक्य लिहायला हात झडतो का तुमचा, दोन्या मिना? 'दिल्सिया दोन मंगळवार तापानं माझ्या घरी पडून होती.' झालं."

"पडली होतीस का?"

"नव्हते."

"मग संपलं."

"संपलं कसं? संपले ती मी."

ओफेल्मिनानं, म्हणजे सगळ्यांच्या दोन्या मिनानं, मिनाबाईनं, चष्मा काढून डोळे चोळले. सकाळचे अकराच वाजले होते, पण तिला दिवस कधीच मावळल्यासारखा वाटत होता. मेक्सिकोच्या दक्षिण सीमेजवळच्या तापाचुला गावच्या शाळेत बावीस वर्षं बीन्स शिजवून ती निवृत्त झाली. पुढची नऊ वर्षं आसरा मागायला आलेल्या लोकांबरोबर निर्वासित कार्यालयाच्या रांगेत उभं राहण्यात आणि त्यांच्यासाठी साक्षीच्या चिठ्ठ्या लिहून देण्यात गेली. पगार काही नाही, मिळकत म्हणजे घोट्यांची सूज.

या लोकांनी दर मंगळवारी खिडकीवर येऊन सही करायची, आणि निकाल लागेपर्यंत हे राज्य सोडायचं नाही. आजारपण सोडून लागोपाठ दोन सह्या चुकल्या की माणसानं अर्ज सोडला असं धरतात. फाइल बंद, आणि माणूस सीमेकडच्या बसमध्ये.

दिल्सिया होंडुरासची. तिच्या नवऱ्याला ज्यांनी मारलं, ते तिचीही वाट बघत बसले होते. इथं पीठ संपलं तशी ती दोन आठवडे कॉफी तोडायला मळ्यावर गेली, आणि जाण्याआधी कारकुनाशी गोड बोलून पुढच्या दोन्ही मंगळवारच्या चौकटींत सह्या करून ठेवल्या. होंडुरासला ती कामाला होती त्या शिलाई कारखान्यात हजेरी अशीच आगाऊ लावायचे. कार्यालयातल्या साहेबानं दोन्ही सह्या खोडल्या. हरकत घ्यायला आजचा शेवटचा दिवस.

"तुमची चिठ्ठी खिडकीवर कुणी तपासतसुद्धा नाही म्हणे."

"नऊ वर्षांत एकही खोटी निघाली नाही म्हणून. तुझी निघाली की बाकीच्या चाळीस जणांच्या चिठ्ठ्या रद्दीत."

"चाळीस जण दिसतात. समोर बसलेली दिसत नाही."

ओफेल्मिनानं बीन्सची वाटी पुढे सरकवली. "खा आधी. भांडायलाही ताकद लागते."

"खारट झालेत."

"तीनशे पोरं खायची. एकानं कधी तक्रार केली नाही."

"भीत असतील बिचारी."

ओफेल्मिनाला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचायच्या आतच दमलं. तिनं कागद ओढला आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत गेली: घरात खायला नव्हतं, म्हणून ही कामाला गेली. राज्य सोडलं नाही. सह्या आगाऊ केल्या, आणि कारकुनानं करू दिल्या.

"गेल्या वर्षी त्या नोएल मेकॅनिकलाही खरंच लिहून दिलं होतंत ना?"

लेखणी थांबली. "हो."

"कुठाय तो?"

"बसमध्ये बसवला. मी खालीच उभी होते. आता फोन लागत नाही त्याचा."

दुसरा कोरा कागद टेबलावरच होता. एक ओळ, चार शब्द, ताप. ओफेल्मिनाचा हात त्याच्याकडे गेलासुद्धा. मग तिनं लेखणीला टोपण लावलं आणि खरी चिठ्ठी घडी घालून दिल्सियासमोर ठेवली.

"दोनला खिडकी बंद होते. मी येते, मीच बोलते. त्या कारकुनालाही समोर उभा करते. चलतेस ना?"

दिल्सियानं वाटी धुतली, पालथी घातली, ओले हात झग्याला पुसले. खांद्याला पिशवी अडकवली. चिठ्ठीला हात न लावता ती बाहेर पडली आणि कार्यालयाचं वळण सोडून उत्तरेच्या, अमेरिकेकडे जाणाऱ्या रस्त्याला लागली.