हरकत क्रमांक एकशे सदतीस

आमच्या ऑफिसात त्याला सगळे गवंडी म्हणतात. विटेला त्याने जन्मात हात लावलेला नाही, घरात खिळा ठोकायचा तर बायको ठोकते. पण नियमाच्या कलमात कुठे फट दिसली की हा ती बुजवणार, आणि अशी बुजवणार की नंतर नावाजलेले वकील घासून घासून थकले तरी टवका उडायचा नाही. मी त्याच्यासमोरच्या टेबलावर एकोणीस वर्षं बसते. तो लिहितो, मी तपासते. त्याला एका कानाने कमी ऐकू येतं, म्हणून फोन कायम स्पीकरवर. त्याच्या घरात आज भाजी कुठली, हे सगळ्या मजल्याला ठाऊक असतं.

आमचं ऑफिस करतं तरी काय, हे माझ्या शेजारणीला मला अजून धड सांगता आलेलं नाही. दारावर ‘धोरण सल्लागार’ अशी पाटी आहे. वीज बनवणाऱ्या, कचरा जाळणाऱ्या, राख उचलणाऱ्या कंपन्या आमच्याकडे येतात. सरकार नवा नियम करतंय असा वास आला की साहेब खात्यात चकरा मारतात, ओळखी जपतात, कुणाच्या बदलीचं अभिनंदन करतात. इकडे गवंडी त्या नियमाचा मसुदा इतका नीट लिहून देतो की खात्यातल्या दमल्याभागल्या माणसाला तो जसाच्या तसा उचलून चिकटवावासा वाटतो. झालं. यात बेकायदेशीर काही नाही हो. तेच तर दुखणं आहे.

सहा वर्षांपूर्वी कचऱ्यापासून वीज करणाऱ्या प्रकल्पांसाठी नियम आला. लोकवस्तीपासून अर्धा किलोमीटर लांब, असं खात्याने ठरवलं होतं. कंपन्या धावत आमच्याकडे आल्या. गवंड्याने अंतराला हातसुद्धा लावला नाही. त्याने फक्त व्याख्या लिहिली: लोकवस्ती म्हणजे मंजूर नकाशात निवासी म्हणून दाखवलेली जागा. साहेबांनी सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली. ‘खात्याचंही मन राखलं आणि आपलंही!’ म्हणाले. मीही टाळ्या वाजवल्या होत्या, उगाच कशाला खोटं बोलू?

यंदा एका दुपारी, आम्ही डबा खात असताना त्याच्या ताईचा फोन आला.

“अरे, आपल्या गल्लीच्या टोकाला बोर्ड लागलाय. कचरा जाळणार म्हणे तिथे. चिमणी आपल्या गच्चीवरून दिसेल एवढ्यावर! तीस दिवसांत हरकती पाठवा, असं लिहिलंय. तू सरकारी कागद लिहितोस ना? आमचाही एक लिहून दे बाबा. ह्यांना तर आत्ताच जिना चढवत नाही.”

ताईच्या यजमानांची फुप्फुसं पाइपच्या कारखान्यात गेली. खोलीच्या कोपऱ्यात ऑक्सिजनचं यंत्र असतं, ते घरघरलं की ताई टीव्हीचा आवाज वाढवते. त्याच कारखान्याने कामगारांसाठी बांधलेली ती गल्ली. गवंडी तिथेच वाढला. आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवला, आणि शेजारपाजारचे अर्ज लिहायला त्याला बसवायचीही तीच. “आमचा भाऊ लिहील,” म्हणायची. अक्षर त्याचं, ऐट तिची.

डबा तसाच ठेवून त्याने कॉम्प्युटरवर तो मंजूर नकाशा उघडला आणि गल्ली शोधली. मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. सगळी गल्ली जांभळी. औद्योगिक. कारखान्याच्या जमिनीवर बांधलेली, म्हणून पन्नास वर्षं तशीच जांभळी. एक्केचाळीस घरं, आणि नियमाच्या हिशोबी तिथे कुणीच राहत नाही.

“तुला माहीत नव्हतं?” मी विचारलं.

“आपलं घर नकाशात कुठल्या रंगाचं आहे, हे कोण बघतं गं?”

मला त्याचा रागच आला. दुसऱ्यांची घरं कुठल्या रंगाची आहेत, हेही कुठे बघितलं होतं त्याने? पण त्याचं तोंड बघून मी त्याचा डबा झाकून ठेवला.

तीन दिवस तो स्वतःच्याच व्याख्येत फट शोधत होता. नव्हती. चौथ्या दिवशी मात्र टेबलावर थाप मारली. हवेच्या मोजणीचं कलम! त्यात ‘किमान एका ऋतूत मोजणी करावी’ असं होतं. तो ‘किमान’ खात्यातल्या कुणा म्हाताऱ्या अधिकाऱ्याने जाता जाता घातला होता, आणि तेव्हा गवंड्याने त्याच्या नावाने बोटं मोडली होती. आता त्याच माणसाला दुवा देत तो लिहायला बसला. कंपनीने हवा मोजली ती वारा गल्लीपासून उलट्या दिशेने वाहतो त्या महिन्यांत. वर्षातले सात महिने धूर थेट घरांवर येणार. किमान एक ऋतू म्हणजे दोनही मागता येतात, खात्याने मागावेत. खाली दम्याच्या आणि फुप्फुसाच्या तेवीस पेशंटांची वयं. ताईने सगळं आपल्या अक्षरात उतरवून काढलं, घरोघर सह्या घेतल्या आणि स्वतः जाऊन देऊन आली.

“सोडून दे ही नोकरी,” मी त्याला म्हटलं होतं. “उघड उभा राहा ताईच्या बाजूने.”

“पोरगी?” तो म्हणाला.

त्याची मुलगी हा प्रकल्प आणणाऱ्या कंपनीच्याच प्रयोगशाळेत आहे. साहेबांच्या एका फोनवर लागली. शिवाय इथलं काही बाहेर सांगणार नाही म्हणून सही करून दिलेला कागद. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे हा, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, जी बाहेर कुणाला माहीत नसते. लोक हरकती सरकारला पाठवतात. सरकार त्या कंपनीला पाठवतं, उत्तर द्या म्हणून. कंपनी त्या आम्हाला पाठवते. डाव्या रकान्यात हरकत, उजव्या रकान्यात आम्ही लिहिलेलं उत्तर. असल्या तक्त्यांनी आमची कपाटं भरलीत. गवंड्याला हे माझ्याइतकंच ठाऊक होतं. पण हरकती पाच जणांत वाटल्या जातात, आपल्या वाट्याला नेमकी तीच कशाला येईल, असं त्याने मनाला समजावलं होतं.

दोनशेवर हरकती आल्या. साहेबांनी त्या चाळल्या आणि एक बाजूला काढली.

“बाकीचा सगळा आरडाओरडा आहे. ही मात्र त्रास देणार. एकशे सदतीस. कुणीतरी जाणकाराने त्या बाईला लिहून दिलीय. गवंडी, ही तूच घे. दुसऱ्या कुणाला झेपायची नाही.”

त्याने पहिलं उत्तर मुद्दाम लेचंपेचं लिहिलं. मी ते तसंच पुढे पाठवलं. तासाभरात साहेब ते हातात घेऊन आमच्या टेबलापाशी आले. चिडले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं.

“बरं नाही का तुला? हे तुझं वाटत नाही.” कागद टेबलावर ठेवला. “मुलगी मजेत ना? तिला कायम करायचं चाललंय म्हणे.”

ताकाला जाऊन भांडं लपवणारे साहेब नव्हेतच. पण त्यांना काय माहीत होतं आणि काय नव्हतं, हे आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.

गवंड्याने दुसरं उत्तर चाळीस मिनिटांत लिहिलं. याआधीच्या चारही प्रकल्पांना खात्याने एकाच ऋतूच्या मोजणीवर परवानगी दिली आहे. याच कंपनीकडे दोन ऋतू मागणं हा पक्षपात ठरेल, आणि कंपनीला न्यायालयात जावं लागेल. बस्स, चार ओळी. खातं कशाला घाबरत नसेल इतकं कोर्टाला घाबरतं, हे ताईला कुठून माहीत असणार? कागद माझ्याकडे सरकवताना तो दुसरीकडे बघत होता. मी तपासला. एक तारीख चुकली होती, तीही मी दुरुस्त केली. करायला नको होती. हात आपोआप गेला.

महिन्याने परवानगी निघाली, सोबत हरकती आणि उत्तरांचा तक्ता जोडून. दुसऱ्या दिवशी फोन वाजला, नेहमीसारखा स्पीकरवर. पाठीमागे टीव्ही मोठ्याने चालू होता.

“मनाला लावून घेऊ नकोस हं,” ताई म्हणाली. “तू काही कमी लिहिलं नव्हतंस. वाचताना ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण ते उत्तर लिहिणारा मेला कोण आहे, तुझ्याहून हुशार निघाला. काय रे, असल्या माणसाला बहीण नसेल का?”

सगळा मजला ऐकत होता. गवंड्याने स्पीकर बंद केला नाही. मला वाटतं, त्याला ते बटण सापडलंच नाही.

“असेल, ताई,” तो म्हणाला.

“जाऊ दे. वर अपील करता येतं म्हणे. तेही तूच लिहून देशील ना? दुसरं कोण आहे रे मला?”

“देईन.”

त्याने फोन ठेवला आणि कोरा कागद पुढे ओढला. अपिलांची उत्तरंही आमच्याच ऑफिसात लिहिली जातात. तो अपील लिहिणार, साहेब ते बाजूला काढणार, आणि उत्तरासाठी ते कुणाच्या टेबलावर येणार हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी माझा चष्मा पुसला आणि तपासायच्या कागदांची थप्पी जवळ ओढली.